बारा कसोट्यांचा मास्तर

"बारा कसोट्या खेळलेला माणूस कोहलीला काय शिकवणार हो, अण्णा?"

हा प्रश्न मला आजवर निदान वीस जणांनी विचारला असेल. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, परवा तर एका दहाव्याला. विचारणारे सगळे शिकलेसवरलेले, आणि त्यातले निम्मेअधिक आपल्या बीड जिल्ह्यातलेच. पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की हीच मंडळी छाती काढून सांगतात, "संजय बांगर आमच्या बीडचे बरं का!" म्हणजे जन्मदाखल्यापुरते आपले, आणि कामाची गोष्ट निघाली की "काय शिकवणार?"

मला या दोन्ही वाक्यांचा राग आहे आणि आज तो सविस्तर काढायचा आहे. क्रिकेटचा कंटाळा असणाऱ्यांनीही (आमच्या सौ. पहिल्या) वाचायला हरकत नाही. विषय शेवटी मास्तरकीचा आहे, आणि आपल्या गोतावळ्यात दर तिसरा माणूस मास्तर आहे.

आधी थोडी माहिती देतो, कारण छाती काढणाऱ्यांनाही ती पुरती नसते. बांगरांचा जन्म बीडचा, ११ ऑक्टोबर १९७२ चा. लहान वयोगटांत ते महाराष्ट्राच्या आणि मुंबईच्या संघांतून खेळले. पण रणजी करंडक खेळायला मिळाला तो रेल्वेकडून, १९९३-९४ च्या हंगामात. ज्या बीड शहरात रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं, तिथला मुलगा बत्तीस वर्षं आधीच रेल्वेत जाऊन बसला होता! (परळीला निजामाच्या वेळची गाडी होती, हे परळीकर मला लगेच ऐकवतील. मान्य. मी बीडचं बोलतोय.) रेल्वेचा संघ म्हणजे तरी काय, तर बऱ्याच अंशी आपापल्या राज्याच्या संघात जागा न मिळालेली मुलं, त्यांना रेल्वेने नोकरी दिली आणि उभं केलं. असा हा संघ २०००-०१ ला रणजीच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून हरला, पुढच्याच वर्षी त्याच बडोद्याला हरवून पहिल्यांदा करंडक घेऊन आला, आणि २००४-०५ ला पुन्हा. या सगळ्यात बांगर होते. सलामीला जायचं, दिवसभर खेळपट्टीवर ठाण मांडायचं, आणि मग वेळ पडली की मध्यमगती गोलंदाजीची दहा-पंधरा षटकं टाकायची, असं ते काम. वर्तमानपत्रात त्याला दोन ओळी मिळतात.

डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी. दुसऱ्याच कसोटीत, नागपूरला झिम्बाब्वेविरुद्ध, सातव्या क्रमांकावर येऊन नाबाद १००. पण मला सांगायचंय ते हेडिंग्लेचं.

ऑगस्ट २००२, लीड्स शहर. मालिकेत आपण ०-१ ने मागे. आभाळ भरलेलं, हवा दमट, खेळपट्टीत ओल. इंग्लंडमध्ये अशा दिवशी शहाणा कर्णधार नाणेफेक जिंकला की गोलंदाजी घेतो, असं आम्ही रेडिओवर वर्षानुवर्षं ऐकत आलेलो. गांगुलीने फलंदाजी घेतली. वर कुंबळे आणि हरभजन असे दोन फिरकीवाले खेळवले. याचा सरळ अर्थ असा की पहिला दिवस कुणीतरी खाऊन काढला तरच पुढचं सगळं जमणार, नाहीतर जेवणाच्या सुट्टीआधीच सामना संपणार. सलामीच्या जागेवरून वसीम जाफरला बाहेर ठेवून बांगरांना आणलेलं. समोर हॉगार्ड, कॅडिक, ट्यूडर, फ्लिंटॉफ. सेहवाग ८ वर गेला, तेव्हा धावफलकावर १५.

त्यानंतर बांगर आणि द्रविड जे उभे राहिले ते १७० धावांची भागीदारी करूनच. बांगरांच्या धावा ६८, खेळलेले चेंडू २३६. गुणिले-भागिले केलं तर जवळजवळ चाळीस षटकं त्या एका माणसाने खेळली. किती चेंडू सोडले, किती अंगावर घेतले, किती नुसते पायापाशी मारून पाडले, त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. ते बाद झाले तेव्हा १८५ झाले होते, चेंडूची शिवण बसली होती, चकाकी गेली होती, आणि गोलंदाजांचे पाय भरून आले होते. मग सचिन आला. पुढचं तुम्हाला पाठ आहे: द्रविड १४८, सचिन १९३, गांगुली १२८. सचिन-गांगुलीची २४९ ची भागीदारी, अंधारून आलेल्या संध्याकाळी मारलेले ते षटकार. ६२८ वर आठ बाद असताना डाव सोडला. इंग्लंड २७३ आणि ३०९. एक डाव आणि ४६ धावांनी विजय. दुसऱ्या डावात बांगरांनी दोन बळीही घेतले, ते तर कुणाच्याच लक्षात नसतं.

लीड्सचं नाव काढलं की आमचे पाहुणे सचिन-गांगुलीच्या त्या संध्याकाळबद्दल अर्धा तास बोलतात. आदल्या दिवशीबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याकडे ज्वारीचं पीक बघून "काय कणसं धरलीत!" म्हणणारे खूप असतात. उन्हाळ्यात त्या वावरात नांगरट कुणी केली, पाळ्या कुणी घातल्या, ढेकळं कुणी फोडली, हे विचारणारा क्वचितच भेटतो. आणि ही बीड जिल्ह्यातली तऱ्हा, जिथे पाळी चुकली तर काय होतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक!

त्याच वर्षाच्या शेवटी न्यूझीलंडचा दौरा झाला. वेलिंग्टन आणि हॅमिल्टन, दोन्ही खेळपट्ट्या हिरव्यागार. आपले चार डाव १६१, १२१, ९९ आणि १५४ असे संपले. द्रविडचा एक डाव सोडला तर कुणाचंच नाव घ्यावं असं नव्हतं. सचिन, गांगुली, सेहवाग, लक्ष्मण, सगळे होते त्या संघात. बांगरही पडले. पण कसोटीतली जागा कायमची गेली ती बांगरांची. डिसेंबर २००१ ते डिसेंबर २००२, एका वर्षात बारा कसोट्या, आणि फलंदाज म्हणून सरासरी एकोणतीसच्या वर. २००३ च्या विश्वचषकाच्या संघात होते, पण प्रत्यक्ष सामना एकही मिळाला नाही. एकंदर एकदिवसीय सामने १५. बस्स.

इथवर वाचून कुणी म्हणेल, "मग आमचं म्हणणं काय वेगळं होतं, अण्णा? बाराच ना?"

थांबा. भारतीय संघातून गेल्यावर हा माणूस रेल्वेकडे परत गेला आणि जवळजवळ दहा वर्षं खेळला. जानेवारी २०१३ मध्ये निवृत्ती घेतली तेव्हा प्रथम श्रेणीत आठ हजारांवर धावा आणि तीनशे बळी नावावर होते. नुसत्या रणजीत सहा हजार धावा आणि दोनशे बळी करणारा विजय हजाऱ्यांनंतरचा तो दुसराच खेळाडू. वीस हंगाम! रिकाम्या स्टेडियममध्ये, जिथे टाळी वाजली तर कोण आलंय म्हणून खेळाडूच वळून बघतात, अशा मैदानांवर. ज्याला तुम्ही बारा कसोट्यांचा म्हणता त्याचं शिक्षण असं वीस वर्षांचं आहे. आपल्यातल्या किती जणांनी एका कामात वीस वर्षं अशी काढलीत की कुणी बघत नाही हे माहीत असूनही सकाळी वेळेवर हजर?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कमी खेळलेला माणूस शिकवू शकतो का?

बांगर फलंदाजीचे प्रशिक्षक होते तेव्हा गोलंदाजीचे प्रशिक्षक होते भरत अरुण. त्यांच्या कसोट्या दोन. बुमराह, शमी, इशांत यांची फळी त्यांच्या हाताखाली जगात धाक बसवून आली, आणि अरुण यांचं कौतुक झालं, रास्तच झालं. "दोन कसोट्यांचा माणूस बुमराहला काय शिकवणार" असं म्हणताना मी एकालाही ऐकलं नाही. २०१९ मध्ये बांगरांच्या जागी विक्रम राठोड आले. त्यांच्या कसोट्या सहा, सरासरी तेराच्या आसपास. तेव्हा कुठे गेला होता तुमचा आकडा? पुढे २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तेव्हाही फलंदाजीचे प्रशिक्षक राठोडच होते. मी राठोडांना नावं ठेवत नाहीये, उलट माझ्याच बाजूचा तो पुरावा आहे. बांगर आले तेव्हा मुख्य प्रशिक्षक होते डंकन फ्लेचर, ज्यांनी उभ्या आयुष्यात एकही कसोटी खेळली नव्हती, आणि त्यांनीच २००५ ला इंग्लंडला ॲशेस जिंकून दिली होती. आपल्या आचरेकर सरांचा तर प्रथम श्रेणीचा सामना एकच. आणि चंद्रकांत पंडित? पाच कसोट्या. प्रशिक्षक म्हणून मुंबईला तीनदा, विदर्भाला दोनदा आणि मध्य प्रदेशाला एकदा रणजी करंडक मिळवून दिला. विदर्भाने आणि मध्य प्रदेशाने त्याआधी कधी करंडकाला हात लावला नव्हता.

उलटं उदाहरणही बघा. ग्रेग चॅपेल, ८७ कसोट्या, २४ शतकं, जगातल्या उत्तम फलंदाजांपैकी एक. आपले प्रशिक्षक म्हणून दोन वर्षं होते. संघात भांडणं, आणि २००७ च्या विश्वचषकात पहिल्याच फेरीत घरी. (द्रविडही मोठा खेळाडू होता आणि प्रशिक्षक म्हणून चांगला निघाला, हे मला माहीत आहे. मोठा खेळाडू शिकवू शकत नाही असं मी म्हणतच नाही. धावांच्या मापाने शिकवणं मोजता येत नाही, एवढंच माझं म्हणणं.)

अमेरिकेत असलेल्या आमच्या पुतण्याने बेसबॉलमधलं एक नाव सांगितलं, ते मला फार आवडलं. टोनी ला रुसा. शॉर्टस्टॉप म्हणून करार झालेला खेळाडू. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा, सगळ्यात जास्त चेंडू अडवावे लागणारा क्षेत्ररक्षक. सगळी कारकीर्द मिळून १३२ सामने, फलंदाजीची सरासरी .१९९ आणि होमरन शून्य. म्हणजे बेसबॉलच्या हिशेबाने आपल्या बांगरांपेक्षा कितीतरी खालचा फलंदाज. तोच माणूस व्यवस्थापक झाला आणि १९८९, २००६ आणि २०११ अशी तीन वेळा त्यांची ती वर्ल्ड सिरीज जिंकून २०१४ ला मानाच्या यादीत जाऊन बसला. तिथे कुणी विचारत नाही की होमरन किती मारलेस बाबा.

माझ्या नोकरीत मी एक गोष्ट पुष्कळदा पाहिली. ज्या शिक्षकाला गणित लहानपणापासून चुटकीसरशी येत होतं, तो फळ्यावर तीन पायऱ्या गाळून उत्तर लिहितो आणि मागच्या बाकावरच्या पोराकडे आश्चर्याने बघतो, की याला हे कसं येत नाही? आणि ज्याला स्वतःला ते गणित रडतखडत आलंय, त्याला नेमकी कुठली पायरी निसरडी आहे ते माहीत असतं. सेहवागला विचारा बाहेर जाणारा चेंडू कधी सोडायचा. तो म्हणेल, सोडायचा कशाला? बांगरांनी तो चेंडू वीस वर्षं सोडलाय. डावा पाय कुठे, डोकं कुठे, बॅट किती आत, हे सगळं त्यांना विचार करून करावं लागलं, म्हणून ते शब्दांत सांगता येतं.

आता कोहलीचं. २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात कोहलीच्या दहा डावांत १३४ धावा झाल्या. बाहेर जाणाऱ्या चेंडूला बॅट लावायची आणि मागे झेल. ती कसोटी मालिका संपता संपता, ऑगस्ट २०१४ मध्ये, बांगरांना भारतीय संघाबरोबर आणलं. त्या हिवाळ्यात कोहलीने ऑस्ट्रेलियात चार कसोट्यांत चार शतकांसह ६९२ धावा केल्या. याचं सगळं श्रेय बांगरांचं असं मी म्हणणार नाही. सचिनचा सल्ला होता, शास्त्री होते, आणि मुख्य म्हणजे कोहलीची स्वतःची जिद्द. पण रोज नेटमध्ये शेजारी उभं राहून तेच ते पुन्हा पुन्हा बघायचं ज्याच्या वाट्याला होतं, त्याचं नाव त्या ६९२ मध्ये कुठेच नको? निदान "काय शिकवणार" हा प्रश्न तरी त्या हिवाळ्यानंतर बंद व्हायला हवा होता.

पाच वर्षं हे काम केलं. २०१८-१९ ला ऑस्ट्रेलियात पहिल्यांदाच कसोटी मालिका जिंकली, पुजाराने तीन शतकांसह ५२१ धावा काढल्या. त्याच्याआधी त्याच वर्षात दक्षिण आफ्रिकेत १-२ आणि इंग्लंडमध्ये १-४ असे हरलो, आणि दोन्हीकडे फलंदाजी कोसळली, हेही खरं. तिथे फलंदाजीच्या मास्तरला जाब विचारला असता तर मी गप्प बसलो असतो. पण तेव्हा कुणी विचारला नाही. विचारला तो मँचेस्टरनंतर.

२०१९ चा विश्वचषक. साखळीत रोहित शर्माची पाच शतकं! एका विश्वचषकात इतकी शतकं त्याआधी कुणाची नव्हती. त्या पाच शतकांच्या बातम्यांत बांगरांचं नाव मी शोधून शोधून थकलो. मग ९ आणि १० जुलैला न्यूझीलंडविरुद्ध उपांत्य सामना आला. जिंकायला २४० हव्या होत्या. रोहित १, राहुल १, कोहली १. तीन बाद ५, थोड्या वेळाने चार बाद २४. जडेजा आणि धोनीने सामना ओढत आणला, पण १८ धावांनी हरलो. दुसऱ्या दिवशीपासून सगळ्यांना बांगर हे नाव आठवलं! धोनीला सातव्या क्रमांकावर का पाठवलं? बांगर. चौथ्या क्रमांकाला माणूस का सापडला नाही? बांगर. अहो, संघ निवड समिती निवडते. क्रम ठरवताना कर्णधार असतो, मुख्य प्रशिक्षक असतो. तो निर्णय एकट्याचा नव्हता, असं बांगरांनी नंतर सांगितलंही. ऐकतो कोण? ऑगस्टमध्ये शास्त्री परत नेमले गेले, अरुण परत, क्षेत्ररक्षणाचे श्रीधर परत. बदलला तो एकटा फलंदाजीचा मास्तर.

मास्तर मंडळींना यात काही ओळखीचं दिसतंय का? दहावीचा निकाल लागला की पहिल्या आलेल्या मुलाचा फोटो, आईवडिलांचे कष्ट, क्लासची जाहिरात. शाळेतल्या सरांचं नाव कुठे असलंच तर "सर्व शिक्षकवृंद" या दोन शब्दांत. आणि नापास झालेल्याचे वडील मात्र थेट वर्गात येतात, हातात गुणपत्रिका घेऊन. नेमक्या कुठल्या सरांकडे जायचं हे त्यांना त्या दिवशी बरोबर माहीत असतं.

बांगरांच्या नावावर आयपीएलचा करंडक नाही, हेही सांगून टाकतो, म्हणजे मागून कुणी फेकून मारायला नको. २०१४ ला ते पंजाबच्या संघाबरोबर होते, अंतिम सामन्यात हरले. बंगळुरूचे मुख्य प्रशिक्षक म्हणून २०२२ ला तिसरे, २०२३ ला सहावे, मग तिथली नेमणूक संपली. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा पंजाबने खेळाडू घडवण्याच्या कामावर नेमलं. म्हणजे पन्नाशी ओलांडलेला माणूस फिरून कुठे आला, तर पोरं घडवण्याकडे. प्रशिक्षकाचं असंच असतं. करंडक मिळाला नाही म्हणून टीका करा, जरूर करा. पण तो शिकवण्याचा हिशेब मांडून करा. बारा हा आकडा दाखवून नको.

आता राहिलं "आमच्या बीडचे". या वाक्याचा राग मला जास्त आहे, कारण त्यात आपण स्वतः आहोत.

आपल्या जिल्ह्याने बांगरांना काय दिलं? जन्म. पुढचं रेल्वेने दिलं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्य आणलं, ८ मिनिटं ११.२० सेकंद, सुवर्ण हुकलं ते एका सेकंदाच्या विसाव्या भागाने. त्याला धावपटू कुणी केलं? फौजेने. महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला, आणि तिथून पुढे सैन्यातल्या प्रशिक्षकांच्या, अमरीश कुमार यांच्या नजरेत आला. शाळेला सहा किलोमीटर चालत-पळत जायचा हे आपण कौतुकाने सांगतो. अहो, ते आपलं कर्तृत्व आहे का? एसटी नव्हती हे कौतुकाने सांगायची गोष्ट झाली का?

म्हणजे पोर आपलं, आणि घडवायचं काम रेल्वेने किंवा फौजेने करायचं. आपण फक्त फलक लावायचा.

अलीकडचं एक उदाहरण मात्र वेगळं आहे, आणि म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं. ६ फेब्रुवारी २०२४, बेनोनी, एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना. २४५ चा पाठलाग करताना आपले चार बाद ३२. तिथून बीडच्या सचिन धसने कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागीदारी केली, स्वतः ९६ काढल्या, आणि आपण दोन गडी राखून जिंकलो. (हेडिंग्लेची भागीदारी १७० ची होती. बीडच्या माणसांना हा आकडा मानवतो असं दिसतंय!) हा मुलगा बीडमध्ये शिकला, बीडमधले प्रशिक्षक अझहर शेख यांच्याकडे. रेल्वे नाही, फौज नाही, गावातलाच मास्तर. त्या आठवड्यात लागलेले फलक मी डोळ्यांनी पाहिले. मुलाचा फोटो मध्ये, वर ओळीने नेते, खाली ओळीने शुभेच्छुक, त्यातले काही तर बॅट कुठल्या हाताने धरतात हेही न माहीत असलेले. प्रशिक्षकाचं नाव मला तरी एकाही फलकावर वाचता आलं नाही. लहान अक्षरांत असेल तर माझा चष्मा जुना आहे.

आणि खेळाचे शिक्षक? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत खेळाच्या सरांची वेगळी जागाच नसते. शिक्षण हक्क कायद्याने २००९ ला सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक द्यायचं ठरवलं. नाव बघा, अंशकालीन! अर्ध्या वेळाचा माणूस, पगार नाही, मानधन. हायस्कुलात जिथे खेळाचे सर आहेत तिथे त्यांना प्रार्थनेच्या रांगा लावायला, स्वातंत्र्यदिनाच्या कवायतीला आणि पंगती वाढायला वापरतात. दहावी जवळ आली की पीटीचा तास गणिताला जातो. पालक त्या सरांकडे वर्षातून एकदाच येतात, परीक्षेत खेळाचे वाढीव गुण मिळतात त्याचं प्रमाणपत्र मिळेल का विचारायला. दिवाळीच्या आसपास उसाच्या टोळ्या निघतात, चांगली पळणारी पोरं आईबापाबरोबर कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. त्या सहा महिन्यांत त्या पोराला पळताना बघायला कोण असतं?

आता जरा आपल्या घरचं. गेल्या दिवाळीत आपल्या गावच्या पुण्यातल्या मंडळींनी बैठक घेतली आणि वेशीवर सिमेंटची कमान बांधायचं ठरवलं. तिच्यावर जिल्ह्यातल्या नामवंतांची नावं कोरायची, त्यात बांगर आणि साबळे आहेतच. वर्गणीचा आकडा माझ्यापर्यंत आलाय, मोठा आहे. कमानीला माझी वर्गणी मिळणार नाही, हे इथे सगळ्यांसमोर लिहून देतो. त्याच पैशांत गावातल्या शाळेला एक पूर्णवेळ खेळाचा शिक्षक तीन वर्षं ठेवता येतो, मी हिशेब केलाय. बी.पी.एड. झालेली आणि घरी बसलेली दोन मुलं आपल्याच गावात आहेत. शाळेच्या मैदानावर सध्या ट्रॅक्टर उभे असतात, ते हलवायचं काम मी आणि सरपंच बघतो. माझ्या पेन्शनमधून महिन्याला दोन हजार, तीन वर्षं. बाकीच्यांनी आपापला आकडा पाडव्याच्या आत कळवावा.